मतलई वारा आणि शिडाची होडी

जानेवारीतल्या एखाद्या पहाटे कळमेश्वरहून धापेवाड्याच्या रस्त्याला लागलात, तर शेताशेतांतल्या शेकोट्यांचा धूर दिसतो. हा धूर वरही जात नाही आणि फारसा कुठे सरकतही नाही. कपाशीच्या शेतांवर, संत्र्यांच्या बागांवर तो गादी अंथरल्यासारखा पसरून राहतो आणि ऊन चढले की विरतो. आपल्याकडचा हिवाळा असा असतो. निरभ्र, कोरडा आणि पहाटेच्या वेळी अगदी स्तब्ध.

त्याच पहाटे अलिबागजवळच्या एखाद्या वाडीत चूल पेटली तर तिचा धूर मात्र समुद्राकडे चालू लागतो. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा हा रात्रीचा वारा म्हणजे मतलई वारा. आमची मुले परीक्षेत त्याला दरवर्षी 'मतलबी वारे' असे लिहितात. त्यात त्यांचा दोष नाही. हा शब्द त्यांनी पुस्तकाबाहेर कधी ऐकलेला नसतो, आणि कळमेश्वरहून कोणत्याही दिशेला निघाले तरी पाचशे किलोमीटरच्या अलीकडे समुद्र नाही. मी स्वतः हा पाठ अनेक वर्षे फळ्यावर दोन बाण काढून शिकवला. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येणारे ते खारे वारे, रात्री उलट जाणारे ते मतलई वारे, झाला पाठ. एका हिवाळ्यात एका मुलाने विचारले, "सर, हा वारा रातच्याले वाह्यते, सारे झोपून रायते, मंग त्याचा उपेग काय?"

उत्तर शोधायला भूगोलाचे पुस्तक पुरले नाही. त्यासाठी इतिहासात शिरावे लागले.

आधी वारा समजून घेऊ. जमीन लवकर तापते व लवकर निवते, पाणी सावकाश तापते व सावकाश निवते, हे आपण सांगतोच. पण त्यामागची कारणे एकाहून अधिक आहेत. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच कोरड्या मातीला सुमारे पाचवा हिस्सा पुरतो. ऊन मातीच्या वरच्या पातळ थरातच अडते, पाण्यात ते बरेच खोल शिरते. शिवाय लाटा वरचे पाणी खाली आणि खालचे वर सारखे ढवळत असतात. नागपूरला जानेवारीत दुपारचे तापमान सरासरी २८-२९ अंश सेल्सिअस असते आणि पहाटेचे १२-१३ अंश. मुंबईला कुलाब्याला हाच फरक दहा-अकरा अंशांवर येतो. किनाऱ्यापासून दूर खुद्द समुद्राच्या पाण्यात तो बहुधा एक अंशाचाही नसतो.

वर्गात हे दाखवायला तेलाचे दोन रिकामे डबे पुरतात. एकात कोरडी माती आणि दुसऱ्यात तेवढ्याच उंचीचे पाणी भरून ते दिवसभर उन्हात ठेवावेत. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी तापमापी वरच्या थरात बुडवून नोंद घ्यावी. शेवटच्या नोंदीसाठी शाळेजवळ राहणारा एखादा उत्साही विद्यार्थी गाठावा लागतो. हा प्रयोग हिवाळ्यातच करावा. रात्र मोठी असते आणि आकाशात ढग नसतात, त्यामुळे मातीतली उष्णता बिनबोभाट निघून जाते.

कोकणातही हेच घडते. पश्चिमेला साधारण २५ अंशांचा समुद्र आणि पूर्वेला त्याहून बरीच थंड झालेली जमीन. जमिनीवरची थंड, जड हवा उतरणीवरून समुद्राकडे सरकते. या ऋतूत देशावरचा एकंदर वाराही ईशान्येकडून असतो, त्याची भर पडते. मध्यरात्रीनंतर हा वारा जोर धरतो आणि सकाळी नऊ-दहापर्यंत टिकतो. मग थोडा वेळ सगळे शांत होते. दुपारी समुद्रावरून, बहुधा वायव्येकडून, खारा वारा सुरू होतो आणि दिवस मावळल्यावर पडतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे चक्र बऱ्याच नेमाने चालते. पावसाळ्यात नैऋत्येच्या वाऱ्यापुढे त्याचा मागमूसही राहत नाही. 'मतलई' हा शब्द अरबी 'मत्लअ', म्हणजे उगवण्याची जागा, यावरून आला असावा. पूर्वेकडून येणारा तो मतलई. शब्दाचा प्रवासही दर्यावर्दींच्याच तोंडून झालेला दिसतो.

या वाऱ्याचे गिऱ्हाईक होते लहान लाकडी शिडाचे जहाज. होडी, मचवा, पडाव, शिबाड, गलबत, फत्तेमारी अशी आकार आणि कामाप्रमाणे त्याची नावे. या सर्वांचे वर्ष पावसाळ्यात मिटत असे. मेअखेरीस, आगोटीच्या दिवसांत, होड्या वाळूवर ओढून घ्यायच्या आणि नारळाच्या झावळ्यांनी शाकारून ठेवायच्या. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की कोळीवाड्यातल्या होड्या निघत. मालाची मोठी गलबते बहुधा दसऱ्याच्या सुमारास. त्याआधी फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायचा, राळ भरायची, लाकडाला माशाचे तेल चोळायचे.

दिवाळीच्या पुढेमागे भातकापणी उरकली की कोकणातल्या शेतकऱ्याला जमिनीवर फारसे काम उरत नसे. ओलीवर वाल, पावटा, कुळीथ टाकला की झाले. मग घरातला एखादा तरी पुरुष खलाशी म्हणून गलबतावर जाई. कोळी, भंडारी, खारवी, गाबीत, दालदी अशा अनेक जातीजमातींची घरे या कामावर चालत. नांगर आणि नांगर! एक शेतातला, एक होडीचा. एकाचे काम संपले की दुसऱ्याचे सुरू. इकडे आपण हुरड्याच्या आगटीभोवती बसतो, तिकडे रायगडच्या शेतांत वालाच्या शेंगा मडक्यात घालून पोपटी लागते. आणि किनाऱ्यावरचा तांडेल त्याच थंड रात्री जागा राहून वाऱ्याची वाट पाहत असे.

वाट पाहायचे कारण नकाशा पाहिल्यावर कळते. रत्नागिरीहून मुंबईला, म्हणजे उत्तरेला, जायचे आहे. दुपारचा वारा वायव्येचा, म्हणजे जवळजवळ तोंडावर येणारा. रात्रीचा मतलई पूर्वेचा किंवा ईशान्येचा, म्हणजे उजव्या कुशीवर. म्हणून उत्तरेचा प्रवास मुख्यतः रात्रीचा. मतलई किनाऱ्यापासून दहा-वीस किलोमीटरपर्यंतच भरवशाचा, म्हणून प्रवास किनारा धरून. त्यात आणखी एक सोय होती. वारा जमिनीवरून येत असल्यामुळे किनाऱ्याजवळ लाटांना वाढायला जागा मिळत नाही, पाणी सपाट राहते. सकाळी वारा पडला की वल्ही मारायची किंवा नांगर टाकायचा. दुपारच्या वाऱ्यावर नागमोडी जायचे, नाहीतर एखाद्या खाडीत शिरून भात शिजवायचा. परतीचा दक्षिणेचा प्रवास मात्र सोपा, कारण वायव्येचा वारा पाठीशी.

कुशीवरच्या वाऱ्याने होडी पुढे कशी जाते, याने मुलेच काय, शिक्षकही गोंधळतात. वारा ढकलेल त्या दिशेला ती जायला हवी. आम्ही हे पांगाऱ्याच्या लाकडावर करून पाहिले. सावंतवाडीची खेळणी ज्या लाकडाची होतात तेच हे हलके, मऊ लाकूड, आणि आपल्याकडेही तो बांधावर सापडतो. वीतभर तुकडा तासून पुढे टोक काढले, बांबूच्या काडीची डोलकाठी रोवली, जुन्या धोतराचे तिकोनी शीड लावले. गावाजवळच्या तलावात सोडली तर ती आडवी आडवी सरकत काठाला लागली. मग बुडाला लांबीच्या रेषेत पत्र्याची उभी पट्टी ठोकली आणि तिच्या खालच्या कडेला वजनासाठी खिळे बांधले. या पट्टीला दर्यावर्दी पठाण म्हणतात. शीड थोडे तिरपे बांधून होडी पुन्हा सोडली. वारा कुशीवर होता आणि होडी सरळ तलाव ओलांडून गेली. ज्याने वाऱ्याचा 'उपेग' विचारला होता तो मुलगा पँट भिजेल याची पर्वा न करता काठाकाठाने धावत पलीकडे गेला. त्यानंतर त्या हिवाळ्यात आमच्या शाळेत होड्यांचे जे वेड शिरले त्याने दोन-तीन पालकांच्या पांगाऱ्यांच्या फांद्या गेल्या.

कारण संत्र्याच्या बीने समजावता येते. ओली बी अंगठा आणि बोट यांच्यात दाबली की ती दाबाच्या दिशेने जात नाही, पुढे निसटते. शिडावरचा वारा एक बोट, पठाणाला आडवे अडवणारे पाणी दुसरे बोट. दोघांच्या चिमटीतून होडी पुढे सुटते. वाऱ्याच्या थेट तोंडावर मात्र कोणतीच शिडाची होडी जात नाही. कोकणातल्या होड्यांचे शीड तिकोनी धाटणीचे असे आणि ते परबाण नावाच्या लांब तिरक्या लाकडाला बांधलेले असे. चौकोनी आडव्या शिडापेक्षा ते वाऱ्याच्या अधिक जवळ नेता येते. आपल्या वैनगंगेवर ढिवरांचे डोंगे आहेत, पण ते बांबूने रेटायचे किंवा वल्हवायचे. अरुंद पात्रात, झाडांच्या आडोशात, पहाटेच्या निवांत हवेत शीड उभारून काय मिळणार?

आता या वाऱ्याच्या इतिहासातल्या एका मोठ्या प्रसंगाकडे येऊ. १६७९ च्या पावसाळ्याच्या शेवटी शिवाजी महाराजांच्या माणसांनी मायनाक भंडारी यांच्या नेतृत्वाखाली खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले. हे बेट थळच्या किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटरवर, मुंबई बंदराच्या तोंडाशी. इंग्रजांना ते परवडणारे नव्हते. त्यांनी बेटाला वेढा घालायला जहाजे पाठवली. त्यांत 'रिव्हेंज' ही मोठी फ्रिगेट होती आणि बरोबर भाड्याने घेतलेली शिबाडे होती. १८ ऑक्टोबर १६७९ च्या सकाळी दौलतखानाच्या आरमारातली लहान जहाजे इतक्या झपाट्याने चालून आली की इंग्रजांना नांगर उचलायलाही धड वेळ मिळाला नाही. त्यांचे 'डव्ह' हे जहाज मराठ्यांच्या हाती पडले. 'रिव्हेंज'ने तोफांच्या जोरावर तो दिवस निभावला, आणि मराठी जहाजे नागोठण्याच्या खाडीत परतली.

लढाईचे वर्णन पुष्कळ पुस्तकांत आहे. मला त्यापुढचे दोन-तीन महिने अधिक महत्त्वाचे वाटतात. 'रिव्हेंज' बेटासमोर उभी असतानाही खांदेरीवर दगड, चुना, धान्य, माणसे पोचत राहिली. रात्री लहान होड्या निसटून जातात, त्या उथळ पाण्यातून जातात, आपल्या जहाजांना त्यांना गाठता येत नाही, अशी तक्रार इंग्रज करत राहिले. ही तक्रार हिवाळ्यातली आहे. थळहून खांदेरीला जाणाऱ्या होडीला रात्रीचा मतलई थेट पाठीवर मिळतो, आणि दुपारचा खारा वारा तिला रिकामी परत आणतो. त्या मंद वाऱ्यात जड फ्रिगेट हलायलाही तयार नसते, हलकी होडी मात्र शिडावर आणि गरज पडली तर वल्ह्यांवर चालते. वाऱ्याचा हा हिशेब कोणा कागदात लिहिलेला मी पाहिलेला नाही. हे माझे अनुमान आहे. पण तिथल्या तांडेलांना तो माहीत नसेल, हे मला खरे वाटत नाही. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी वेढा आवरता घेतला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले त्यांत ती आहे.

याच सुमारास युरोपात वाऱ्यांचे शास्त्र आकाराला येत होते. एडमंड हॅलीने (धूमकेतूवाला तोच) १६८६ मध्ये व्यापारी वारे आणि मोसमी वारे यांचा नकाशा प्रसिद्ध केला आणि त्यांचे कारण सूर्याच्या उष्णतेत शोधले. विल्यम डॅम्पियर या खलाशाने १६९९ मध्ये किनाऱ्यावरच्या दिवसरात्रीच्या वाऱ्यांचे बारकाईने वर्णन लिहिले. डॅम्पियरची विद्या छापली गेली. थळच्या तांडेलाची विद्या त्याच्या मुलापर्यंत पोचली आणि तिथेच राहिली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत आरमारप्रमुखांची नावे असतात, तांडेलांची नसतात, ती यामुळेच.

हे सगळे कोकणचे झाले. वऱ्हाड-नागपूरचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. रेल्वे येण्यापूर्वी इकडे मीठ दोन्ही किनाऱ्यांवरून बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर बैलांच्या पाठीवर येत असे. पश्चिमेकडचे मीठ कोकणातल्या मिठागरांतले. तेही हिवाळ्यातच आकार घेई, कारण पाऊस थांबल्याशिवाय आगरात पाणी आटत नाही. मिठागरातून घाटाखालच्या बंदरापर्यंत त्याला आणणारी होडी शिडाची. उलट दिशेने वऱ्हाडचा कापूस घाट उतरून पनवेलला जाई. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यावर ही वाट वाढली. पनवेलहून मुंबईचा बंदर-पट्टा ओलांडायला पुन्हा शिडाचीच होडी. ओहोटी आणि मतलई एकत्र साधले की कापसाचे गठ्ठे सकाळी मुंबईला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि आपला कापूस व आपले मीठ दोन्ही वाऱ्याच्या हातून सुटले.

किनाऱ्यावर शीड आणखी बराच काळ टिकले. प्रवासी आगबोटींनी पळवले तरी माल आणि मासे त्याच्याकडेच होते. स्वातंत्र्यानंतर होड्यांना इंजिन बसवायला सरकारी कर्जे मिळू लागली आणि विसावे शतक संपेपर्यंत कोकणात शिडावर धंदा करणारे जहाज जवळजवळ दिसेनासे झाले. त्याबद्दल फार हळहळणे बरे नव्हे. वादळात सापडलेल्या माणसाला इंजिन म्हणजे काय हे विचारावे. पण वारा कधी फिरेल हे चेहऱ्यावरच्या गारव्यावरून सांगणारी माणसे त्याबरोबर कमी झाली, हेही खरे.

होड्या बांधणारा सुतार मात्र इतक्या लवकर हरला नाही. १९६० नंतरच्या वर्षांत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा एक तरुण इंग्रज मुंबईत जहाज-अधिकारी होता. त्याला स्वतःची शिडाची बोट हवी होती. त्याने आराखडा मागवला तो नॉर्वेच्या कडक हिवाळ्यातल्या समुद्रासाठी घडलेल्या बचाव-नौकांच्या घराण्यातला. ती बांधली मुंबईच्या सुतारांनी, सागवानात, हातकरवत, वाकस (आपण वासला म्हणतो तो) आणि दोरीने फिरवायचा सामता वापरून. लांबी फक्त ३२ फूट. साग निवडण्यामागे जुना अनुभव होता. त्यात नैसर्गिक तेल असते, तो कमी आकसतो, सहजी कुजत नाही. मुंबईच्या वाडिया सुतारांनी १८१७ मध्ये सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे आजही तरंगते आहे. आपल्या पेंचच्या जंगलात उभा असतो तोच हा वृक्ष.

नारळ फोडून पाण्यात उतरवलेल्या त्या बोटीचे नाव 'सुहैली'. १४ जून १९६८ ला नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून एकटा निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परतला. ३१२ दिवस लागले. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. पुरी केली ती त्याने एकट्याने. माणसाने एकट्याने, न थांबता केलेली ती पहिली जगप्रदक्षिणा. पुढे नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादई'तून एकट्याने जगप्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांना धडे देणाऱ्यांत हाच नॉक्स-जॉन्स्टन होता. 'म्हादई' बांधली दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. त्यांनीच अलीकडे लोखंडी खिळे न वापरता, फळ्या दोरीने शिवून, 'कौंडिण्य' हे शिडाचे जहाज बांधले. त्याचा नमुना कुठला, तर अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातल्या चित्राचा. समुद्रापासून इतक्या आत, डोंगराच्या पोटात, कोणा चित्रकाराने तीन शिडांचे जहाज काढून ठेवले होते. मे २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेले 'कौंडिण्य' पोरबंदरहून मस्कतला निघाले ते डिसेंबरच्या अखेरीस, जुन्या रिवाजाप्रमाणे हिवाळ्याचा वारा धरून.

'सुहैली' हे इराणच्या आखातातल्या आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याचे अरबी नाव. ते ज्या ताऱ्यावरून पडले तो सुहैल म्हणजे आपला अगस्त्य, समुद्र पिऊन टाकणारा. तो कळमेश्वरहून दिसतो. जानेवारीच्या अखेरीस रात्री दहाच्या सुमारास गावच्या दिव्यांपासून जरा दूर, दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. आधी व्याध शोधावा, म्हणजे आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. त्याच्या बराच खाली, क्षितिजापासून हात लांब करून धरलेल्या दीड मुठीएवढ्या उंचीवर, एक ठळक तारा असतो. गेल्या वर्षी मुले शेकोटी सोडून तो पाहायला आली होती. धूर तेव्हाही तिथेच पसरून राहिला होता. "सर, कोकणात असतो तर हा धूर आता कुठं गेला असता?" असे मी विचारायच्या आतच एकाने विचारले, आणि दुसऱ्याने पश्चिमेकडे हात केला.